परसातल्या जखमी कोंबडीची शुश्रूषा

महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत कोंबडी ही बहुधा घरातल्या बाईच्या मालकीची असते. तिची अंडी, पिले आणि अडीनडीला विकलेला एखादा कोंबडा यांतून आलेला पैसा मीठमिरचीला, मुलांच्या वह्यापुस्तकांना आणि दवाखान्याला उपयोगी पडतो. दिवसभर उकिरड्यावर, परसात आणि शेताच्या बांधावर चरणारी कोंबडी दिवेलागणीला आपण होऊन खुराड्यात परतेल, या भरवशावर हा सगळा व्यवहार चालतो. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशातील सुमारे ८५ कोटी कुक्कुटवर्गीय पक्ष्यांपैकी जवळजवळ ३१ कोटी ७० लाख पक्षी असे परसात पाळलेले होते. मोकळे चरणाऱ्या कोंबडीला किडामुंगी, कोवळा पाला आणि ऊन मिळते, परंतु कुत्रा, मांजर, मुंगूस, घार, रस्त्यावरची दुचाकी आणि कळपातलाच एखादा दांडगा कोंबडा यांचे भयही तिच्या पाठीशी कायमच असते. त्यामुळे चावा, ओरखडा, मोडलेला पाय किंवा लोंबणारा पंख घेऊन परतलेली कोंबडी हे परसात अनोळखी दृश्य नाही.

अशा कोंबडीचा निकाल बहुतेक घरांत लगेच लागतो. ती तशीही जगणार नाही, तेव्हा तडफडून मरण्यापेक्षा आजच कापावी, असे म्हटले जाते, आणि ज्या घरात महिन्याकाठी दोन-चार वेळाच मांस शिजते त्या घराला या विचारासाठी दोष देता येत नाही. पण ती जगणार नाही हे गृहीतकच पुष्कळदा चुकीचे असते. पक्ष्याचे साधे, सरळ मोडलेले हाड योग्य आधार मिळाल्यास सुमारे तीन आठवड्यांत सांधते, पाठीवरची ओंजळभर कातडी फाटलेली कोंबडी महिन्या-दीड महिन्यात नव्या पिसांनिशी कळपात हिंडू शकते, आणि पुन्हा अंडी घालू लागलेल्या चांगल्या गावरान कोंबडीचे मोल एका वेळच्या रश्श्याहून निश्चितच जास्त असते. शिवाय ज्या घरी कोंबडीला नावाने हाक मारली जाते, तिथे हा हिशेब मांडण्याचीही गरज पडत नाही. खरी अडचण इच्छेची नसून ज्ञानाची आहे. माणसाच्या किंवा शेळीच्या अनुभवावरून केलेले उपचार पक्ष्याच्या देहाला लागू पडत नाहीत, आणि काही वेळा जखमेने न गेलेली कोंबडी त्या उपचारांनी जाते. घरगुती शुश्रूषेचे जवळजवळ सगळे नियम पक्ष्याच्या शरीररचनेतून निघतात, म्हणून त्या रचनेपासूनच आरंभ करणे इष्ट ठरते.

यातली पहिली गोष्ट श्वासाची आहे. माणसाच्या छातीत फुप्फुसांखाली श्वासपटल नावाचा स्नायूचा पडदा असतो आणि तो खालीवर होऊन हवा आतबाहेर करतो. कोंबडीला असा पडदा नसतो. तिची फुप्फुसे लहान, पाठीच्या फासळ्यांना चिकटलेली आणि जवळजवळ न फुगणारी असून त्यांना जोडलेल्या पातळ पिशव्या, ज्यांना वायुकोष म्हणतात, पोटापर्यंत पसरलेल्या असतात. छातीचे होडीच्या कण्यासारखे पुढे आलेले हाड खालीवर झाले की या पिशव्या भरतात आणि रिकाम्या होतात. घाबरलेली कोंबडी निसटू नये म्हणून दोन्ही हातांनी छाती आवळून धरली, तर हे हाड हलत नाही आणि नाका-तोंडाला काही न होताही कोंबडी गुदमरते. म्हणून तिला धरताना पंख अंगालगत मिटवून, एक हात पोटाखाली घालून, पाय बोटांत अडकवून बगलेशी टेकवून धरावे आणि छाती मोकळी राहील हे पाहावे. लहान मुलांना ही पकड आधी शिकवली पाहिजे, कारण प्रेमाने घट्ट कवटाळणे हेच त्यांच्या हातून प्रथम घडते.

पाठीवर उताणी केली की कोंबडी निपचित पडते, हे पुष्कळांना ठाऊक असते, आणि जखम पाहण्यासाठी हा उपाय सर्रास केलाही जातो. या अवस्थेचे वर्णन आथानासियुस किर्शर या जर्मन पंडिताने १६४६ साली आपल्या ग्रंथात केले होते आणि त्याला ते मोठे नवल वाटले होते. आज ही अवस्था भीतीची मानली जाते: शिकाऱ्याच्या तावडीत सापडलेला प्राणी मेल्याचे सोंग वाटावे इतका ताठरतो, त्याला विश्रांती मिळत नसते. उताण्या कोंबडीच्या आतड्यांचा भार वायुकोषांवर येत असल्याने रक्त गमावलेल्या किंवा धापा टाकणाऱ्या पक्ष्याला असे ठेवणे धोक्याचे आहे. पोट किंवा तळपाय पाहायचाच असेल, तर कोंबडीला एकाने धरून, दुसऱ्याने झटपट पाहून, तिला लगेच सरळ करावे.

जखमी कोंबडी हाती आल्यावर पहिला तास उपचारांचा नसून निवाऱ्याचा असतो. प्राण वाचवण्यासाठी केलेली धावाधाव, वेदना आणि रक्तस्राव यांमुळे रक्ताभिसरण मंदावण्याची जी अवस्था येते तिला आघात म्हणतात. तुरा फिकट पडणे, पाय गार लागणे, डोळे अर्धवट मिटणे, मान खाली जाणे ही तिची लक्षणे होत. कोंबडीच्या शरीराचे सामान्य तापमान ४१ ते ४२ अंश सेल्सियस म्हणजे माणसाच्या मानाने बरेच अधिक असते, आणि तेवढी ऊब टिकवायला दुबळ्या देहाला फार शक्ती खर्चावी लागते. वाहते रक्त असेल तर ते थांबवून, बाकी तपासणी पुढे ढकलून, तिला पुठ्ठ्याच्या खोक्यात किंवा सुती कापड झाकलेल्या डालग्याखाली, घराच्या शांत कोपऱ्यात ठेवावे. अंधारात कोंबडीला फारसे दिसत नाही आणि ती आपोआप स्वस्थ होते, त्यामुळे अर्धवट अंधार हेच या घटकेचे मोठे औषध आहे. खोक्याच्या एका बाजूला फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली ठेवावी आणि दुसरी बाजू मोकळी सोडावी, म्हणजे ऊब नकोशी झाल्यास पक्ष्याला बाजूला सरकता येते. पूर्वी यासाठी साठ वॉटचा बल्ब लावत. आता घरोघरी आलेले एलईडी दिवे उजेड देतात पण ऊब जवळजवळ देत नाहीत, ही गोष्ट ध्यानात न घेतल्याने रात्रभर दिवा जळूनही कोंबडी गारठलेली राहते. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात याच्या उलट काळजी घ्यावी लागते: कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात, ती चोच उघडून धापा टाकत उष्णता बाहेर घालवते, आणि बाहेर ४० अंशांवर पारा असताना तिला ऊब देणे म्हणजे उरलेसुरले पाणी आटवणे होय.

याच तासात होणारी सर्वांत घातक चूक म्हणजे चोच उघडून घशात पाणी ओतणे. कोंबडीच्या श्वासनळीचे तोंड जिभेच्या मुळाशी, तोंडाच्या तळालाच उघडे असते. चोच फाकवून पाहिल्यास श्वासाबरोबर उघडझाप करणारी ती लहानशी फट सहज दिसते. वरून ओतलेले पाणी किंवा दूध या फटीतून थेट फुप्फुसात जाते आणि त्यातून उद्भवणारा न्यूमोनिया जखमेपेक्षा आधी प्राण घेतो. कोंबडी मान उभी धरण्याइतकी सावध झाल्यावर उथळ वाटीत पाणी पुढे ठेवावे, चोचीचे टोक त्यात हलके बुडवून दाखवावे, आणि तरीही ती पीत नसेल तर चोचीच्या कडेवर एकेक थेंब सोडून तिला तो स्वतः गिळू द्यावा. औषधाच्या दुकानात मिळणारी जलसंजीवनीची पुडी वेष्टनावर लिहिलेल्या प्रमाणात विरघळवून एक-दोन दिवस दिल्यास लाभ होतो. अंदाजाने मीठ घालून घरी केलेले पाणी मात्र टाळावे, कारण जादा मीठ कोंबड्यांना विषासारखे बाधते.

रक्तस्रावाच्या बाबतीत हयगय चालत नाही, याचे कारण साध्या हिशेबात आहे: दीड किलो वजनाच्या कोंबडीच्या अंगात सुमारे १०० मिलिलिटर रक्त असते, म्हणजे एका लहान कपात मावेल एवढेच. स्वच्छ सुती कापडाची घडी जखमेवर ठेवून पाच मिनिटे न उचलता दाबून धरणे हा पहिला उपाय, आणि तुटलेल्या नखातून किंवा चोचीच्या टोकातून येणारे रक्त मक्याचे पीठ किंवा हळद दाबून भरल्यानेही थांबते. वाढत असलेल्या नव्या पिसाच्या नळीत रक्त असते, त्यामुळे असे पीस मोडल्यास लहानशा दिसणाऱ्या जखमेतूनही पुष्कळ रक्त जाते. ते पीस घाईने उपटू नये, मुळाशी दाब द्यावा आणि न थांबल्यास पशुवैद्यकाकडे जावे.

कोंबडी सावरली की नीट तपासणी करावी, आणि ती पिसांवरून हात फिरवून होत नाही. पिसे ओल्या बोटांनी दुभंगून, विशेषतः पंखांखाली, मांड्यांच्या आत, शेपटीच्या मुळाशी आणि गुदद्वाराभोवती, कातडी उघडी करून पाहावी लागते. कुत्र्याच्या सुळ्याची खूण बाहेरून मोहरीएवढी असून आत स्नायू चिरडलेला असू शकतो. पक्ष्याची कातडी कागदासारखी पातळ असते. तिच्यावर बोट टेकताच खाली हवा सरकल्यासारखी चुरचुर जाणवली, तर कुठलातरी वायुकोष फाटून हवा कातडीखाली शिरलेली असते. अशी कोंबडी, पोट फाटलेली कोंबडी आणि गळ्याखालची अन्न साठवण्याची पिशवी फाटून दाणे-पाणी बाहेर येणारी कोंबडी या घरच्या उपचाराच्या कक्षेबाहेरच्या असतात.

जखमेभोवतीची पिसे कात्रीने कापावीत, उपटू नयेत, कारण उपटताना पातळ कातडी आणखी फाटते. एक लिटर पाणी उकळून, कोमट करून, त्यात साधारण ९ ग्रॅम मीठ विरघळवले की शरीरातील द्रवाच्या जवळपास खारटपणाचे पाणी तयार होते, आणि सुईविना पिचकारीने या पाण्याची धार जखमेवर सोडत राहणे हे कुठल्याही मलमापेक्षा मोलाचे काम आहे, कारण त्याने माती, शीट आणि मेलेले पेशीजाल वाहून जाते. त्यानंतर पोव्हिडोन आयोडीन एकास दहा भाग पाणी घालून लावता येते. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस पाहून जखम साफ झाल्याचे समाधान मिळते, पण ते द्रावण वाढू पाहणाऱ्या नव्या पेशीही जाळते, स्पिरिटचेही तसेच. खोबरेल तेलात कालवलेली हळद हा घरोघरीचा लेप कोरड्या, वरवरच्या ओरखड्यावर बाधत नाही, परंतु तेल आजूबाजूच्या पिसांना लागून ती चिकटली की त्यांची ऊब धरण्याची शक्ती जाते, आणि खोल जखमेत भरलेल्या हळदीखाली काय चालले आहे ते कळेनासे होते. तंबाखूची भुकटी, फिनाईल, रॉकेल आणि डांबराच्या गोळ्यांचा चुरा यांचा वापर मात्र सर्वथा वर्ज्य मानावा; ही द्रव्ये उघड्या जखमेतून रक्तात शिरतात आणि एवढ्याशा देहाला विषबाधा व्हायला त्यांची चिमूटही पुरते.

पावसाळ्यात या सगळ्यापेक्षा मोठा शत्रू माशी असतो. रक्ताच्या वासावर आलेली माशी जखमेच्या कडेला अंडी घालते आणि ती दिवसभरातच फुटून अळ्या पडतात, ज्या पिसांखाली दडून जिवंत मांस पोखरू शकतात. म्हणून खोक्यावर मच्छरदाणीचे कापड ताणून बांधणे आणि जखम दिवसातून दोनदा उघडून पाहणे अनिवार्य आहे. अळ्या दिसल्या तर खारट कोमट पाण्याच्या धारेने आणि चिमट्याने शेवटची अळी निघेपर्यंत साफसफाई करावी लागते. ती कंटाळवाणी असते, पण एखाद-दुसरी अळी मागे राहिली तर सगळे काम वाया जाते.

जखमेत पू झाला की तो वाहून जाऊ द्यावा, ही माणसांच्या बाबतीतली समजूत इथे उपयोगी पडत नाही. माणसाच्या पांढऱ्या पेशींमध्ये पू पातळ करण्यास मदत करणारी काही रसायने असतात. कोंबडीत त्या पेशींचे काम हेटेरोफिल नावाच्या पेशी करतात आणि त्यांच्यापाशी ही रसायने अपुरी असल्याने कोंबडीचा पू घट्ट, पिवळसर, खरवसाच्या वडीसारखा गोळा होऊन बसतो. तो दाबून निघत नाही, शेकल्याने फुटत नाही, आणि त्यात औषधही शिरत नाही. तळपायाला खडा किंवा काटा लागून होणारी गाठ हे याचे नेहमीचे उदाहरण आहे. वर काळी खपली, आत हा घट्ट गोळा आणि भोवती सुजलेला पंजा असे तिचे रूप असते. सुरुवातीची गाठ कोमट मिठाच्या पाण्यात पाय बुडवून, मऊ गादीवर ठेवून आणि खुराड्यातली दांडी गुळगुळीत व ठेंगणी करून आटोक्यात येते, पण मोठी झालेली गाठ भूल देऊन पशुवैद्यकानेच कापून काढणे योग्य होय. घरच्या ब्लेडने केलेल्या शस्त्रक्रियेत वेदना किती होतात ते कोंबडी ओरडून सांगत नाही, एवढ्यावरून त्या होत नाहीत असे समजू नये.

मांजराचा चावा वेगळा सांगितला पाहिजे. मांजराच्या लाळेत पाश्चुरेला नावाचे जंतू असतात आणि ते पक्ष्यांच्या रक्तात झपाट्याने पसरतात. जखम टाचणीएवढी असली, कोंबडी दाणे टिपत असली, तरी मांजराने तोंडात धरलेल्या कोंबडीला त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे नेऊन प्रतिजैविक, म्हणजे जंतुनाशक अँटिबायोटिक, सुरू करणे आवश्यक असते. जवळ दवाखाना नसल्यास १९६२ या निःशुल्क क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करता येते.

लंगडणाऱ्या कोंबडीबाबत आधी एक प्रश्न सोडवावा लागतो: ती खरोखर जखमी आहे काय? एक पाय पुढे आणि एक मागे टाकून बसलेली तरुण तलंग बहुधा पडलेली नसते. हंगेरीचे पशुवैद्यक योझेफ मारेक यांनी १९०७ साली वर्णिलेला आणि त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा विषाणुजन्य रोग पायांच्या मज्जातंतूंना सूज आणून हे करतो. मान पिरगळलेली, हिरवी शीट टाकणारी, लटपटणारी कोंबडी मानमोडीने, म्हणजे राणीखेत रोगाने, ग्रासलेली असू शकते, आणि त्यावर लस हाच उपाय असतो, तोही आधीच टोचलेला. एकाएकी अनेक कोंबड्या मरू लागल्या असतील तर उरलेल्यांची शुश्रूषा घरात करत बसू नये. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक उघडकीस आला, हे महाराष्ट्राला विसरता येण्यासारखे नाही. अशा वेळी पक्ष्यांना हात न लावता पशुसंवर्धन विभागाला कळवणे हेच कर्तव्य ठरते. एरवीही जखमी कोंबडीला हाताळल्यावर साबणाने हात धुणे आणि तिचे खोके स्वयंपाकघरापासून दूर ठेवणे आवश्यक आहे, कारण निरोगी दिसणाऱ्या कोंबडीच्या शिटेतही माणसाला जुलाब लावणारे साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात.

हाड मोडले असेल तर कुठले मोडले यावर पुढचे सारे ठरते. पायाची खवले असलेली नळी मोडल्यास कापसाची मऊ घडी, दोन बाजूंना गुळगुळीत केलेल्या बांबूच्या कामट्या आणि वरून कागदी चिकटपट्टी असा आधार देता येतो. मात्र दर काही तासांनी बोटे पाहिली पाहिजेत, कारण ती सुजली किंवा गार पडली तर बांधणी घट्ट झालेली असते आणि तशीच राहिल्यास पंजा सडतो. मांडीच्या हाडाला घरी कामटी बसत नाही. लोंबणारा पंख नैसर्गिक घडीत मिटवून सैल पट्टीने स्वतःशीच बांधता येतो, पण ती पट्टी छातीभोवती आवळली की श्वासाचा मघाचाच प्रश्न उभा राहतो. पंखाचे खांद्यालगतचे हाड तर आतून पोकळ असून वायुकोषाला जोडलेले असते. ते मोडून कातडीबाहेर आले असेल तर तिथे पाणी किंवा औषध ओतणे म्हणजे ते श्वसनमार्गात ओतणेच होय.

अंड्यावरच्या कोंबडीचे हाड सांधायला एक अडचण असते, आणि ती पाळणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते आणि कवच चढण्याची क्रिया वीसेक तास, मुख्यतः रात्री, चालते. त्या वेळी पोटात खाद्य कमी असल्याने कोंबडी आपल्या लांब हाडांच्या पोकळीत याच कामासाठी साठवलेल्या विशेष अस्थीतून कॅल्शियम काढते. मोडलेले हाड सांधण्यासाठी आणि रोजचे अंडे घडवण्यासाठी ती एकाच साठ्यातून खर्च करते. म्हणून अंडी काही काळ थांबणे हे तिच्या हिताचे असते. भरपूर अंडी घालण्यासाठी कोंबडीला दिवसाकाठी १४ ते १६ तास उजेड लागतो. शुश्रूषेचे खोके दिवसातले दहा तासच उजेडात ठेवले आणि संध्याकाळी घरातला दिवा त्यावर पडू दिला नाही, तर अंडी हळूहळू थांबतात. शिंपल्यांचा किंवा भाजलेल्या अंड्याच्या टरफलांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवावा, खाद्यात मिसळू नये. गरजेपुरते ती स्वतः टिपते, आणि अंडी न घालणाऱ्या पक्ष्याच्या पोटात जबरदस्तीने गेलेले जादा कॅल्शियम मूत्रपिंडांना त्रास देते.

वेदनेचा प्रश्न इथेच येतो. भक्ष्य होणारा प्राणी दुबळेपणा लपवतो, त्यामुळे कोंबडी कण्हत नाही. फुलवलेली पिसे, आखडलेली पाठ, अर्धमिटले डोळे आणि दाण्यांकडे फिरवलेली पाठ एवढेच तिचे सांगणे असते. २००० साली ब्रिटनमधील संशोधकांनी लंगड्या आणि धडधाकट ब्रॉयलर कोंबड्यांपुढे साधे व वेदनाशामक मिसळलेले अशी दोन रंगांची खाद्ये ठेवली, तेव्हा लंगड्या कोंबड्यांनी औषधाचे खाद्य अधिक निवडले आणि लंगडेपणा जितका जास्त तितके ते अधिक खाल्ले. कोंबडीला दुखते की नाही, या शंकेला यानंतर जागा उरत नाही. परंतु म्हणून घरातली गोळी कुटून देणे हा उपाय नव्हे, तो घातच ठरू शकतो. डायक्लोफेनॅक हे माणसांचे सर्वपरिचित वेदनाशामक गुरांना दिल्यामुळे त्यांची प्रेते खाणारी दक्षिण आशियातील गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन लाखोंच्या संख्येने मेली. २००४ साली हे कारण सिद्ध झाले आणि २००६ पासून भारतात जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली. कोंबडीच्या मूत्रपिंडांवरही ते असाच आघात करते. पाठदुखीवर चोळायच्या पुष्कळ मलमांतही हेच द्रव्य असते, आणि कोंबडी अंगाला लावलेले मलम चोचीने टिपून गिळते, म्हणून ती नळी मोडलेल्या पायापासून दूरच ठेवावी. बधिरता आणणाऱ्या मलमांनाही पक्षी फार संवेदनशील असतात. गिधाडांना निर्धोक ठरलेले मेलॉक्सिकॅम पशुवैद्यक कोंबड्यांनाही देतात, पण वजन करून आणि मात्रा मोजूनच.

शुश्रूषेच्या पुढच्या दिवसांत खोक्याच्या तळाशी वर्तमानपत्र एकटे अंथरू नये. त्यावर पाय घसरून दुखरा सांधा आणखी फाकतो. जुना टॉवेल किंवा रबरी चटई बरी, आणि जखम उघडी असेपर्यंत भुसा किंवा तूस टाळावे. उभे राहता न येणाऱ्या कोंबडीला टॉवेलच्या गुंडाळीचे कडे करून त्यात छाती टेकवून बसवावे आणि दिवसातून अनेकदा कूस बदलावी, अन्यथा छातीच्या हाडावर घट्टा पडून नवी जखम होते. पाय बाहेर काढता येतील अशी भोके पाडलेली कापडी झोळी दिवसातून काही वेळ टांगली, तर पायांवर भार न येता तिला उभ्याने खाता येते.

तिला सवयीचे असेल तेच खाद्य भिजवून मऊ करून द्यावे: ज्वारी-मक्याचा भरडा, तांदळाची कणी, आणि प्रथिनांसाठी थोडे उकडलेले अंडे, ज्याचा पिवळा बलक कुस्करून दाखवल्यास मलूल कोंबडीही बहुधा चोच मारते. रोज सकाळी एकाच वेळी काट्यावर वजन करावे, कारण पिसांच्या फुगवट्यात रोडपणा लपतो आणि छातीचे हाड हाताला धारदार लागेपर्यंत उशीर झालेला असतो. शीटही पाहावी. तपकिरी गोळ्यावर पांढरी टोपी, म्हणजे युरिक आम्लाच्या रूपातले मूत्र, हे प्रकृती ठीक असल्याचे लक्षण आहे, दिवसातून एखाद-दोनदा पडणारी चिकट, दुर्गंधी शीटही स्वाभाविकच असते. मात्र गडद हिरवी, पातळ शीट पोटात अन्न न जाता केवळ पित्त उतरत असल्याचे सांगते.

काही जखमा बऱ्या होणाऱ्या नसतात, हेही स्वच्छपणे सांगितले पाहिजे. कणा मोडून दोन्ही पाय लुळे पडले, आतडी बाहेर येऊन सुकली, किंवा दोन-तीन दिवस सर्व काही करूनही तिने मान वर धरली नाही, तर तिला पशुवैद्यकाकडून वेदनारहित मरण देणे हा शुश्रूषेचाच भाग ठरतो, आणि तो निर्णय घेणाऱ्याने स्वतःला अपराधी मानू नये. औषधे टोचलेल्या कोंबडीचे मांस मात्र खाऊ नये.

बऱ्या झालेल्या कोंबडीला कळपात परत सोडणे हा अनेकांना किरकोळ वाटणारा आणि प्रत्यक्षात अतिशय नाजूक टप्पा आहे. कोंबड्यांच्या कळपात कुणी कुणाला टोचायचे याची ठरलेली उतरंड असते, हे नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ थोर्लाइफ शेल्डरूप-एब्बे यांनी १९२१ साली सिद्धान्तरूपाने मांडले. दोन-तीन आठवडे दूर राहिलेली कोंबडी आपल्याच बहिणींना परकी होते, आणि उतरंडीतली तिची जागा भरून गेलेली असते. त्यातच कोंबड्या लाल रंगाकडे ओढल्या जातात; जखमेवरची लालसर नवी कातडी किंवा रक्ताचा एक ठिपका दिसला की एकीमागून एक टोचू लागते आणि घटकाभरात भरत आलेली जखम पुन्हा फाडली जाते. म्हणून जखमेवर पूर्ण कातडी येईपर्यंत परत सोडण्याची घाई करू नये. तोवरही तिला कळपाच्या नजरेआड ठेवणे बरोबर नाही. अंगातला अशक्तपणा गेला की दिवसातून काही तास तिचे डालगे परसातच, इतरांच्या मध्ये ठेवावे, म्हणजे त्या तिला पाहतात, तिचा आवाज ऐकतात, पण चोच पोहोचत नाही. आठवडाभर असे केल्यानंतर अंधार पडल्यावर तिला खुराड्यात इतरांशेजारी दांडीवर बसवावे. रात्री कुणी भांडत नाही आणि सकाळी ती कळपातूनच बाहेर पडते. पहिले काही दिवस दाणे आणि पाणी दोन-तीन ठिकाणी ठेवावे, जेणेकरून एका ताटलीवरून हुसकलेल्या कोंबडीला दुसरीकडे खाता येईल. थोडी टोचाटोची होणारच आणि ती होऊ द्यावी, कारण तिची जागा तिलाच मिळवायची असते. रक्त निघाले तर मात्र तिला लगेच बाजूला काढावे. जखम कोंबड्याच्या पायातल्या काट्याने झाली असेल, तर त्याला तिच्यापासून आणखी काही आठवडे वेगळे कोंडणे भाग आहे.

अंडी पुन्हा केव्हा सुरू होतील हे जखमेवर, ऋतूवर आणि वयावर अवलंबून असते, आणि नवी पिसे येण्यातच बरीच प्रथिने खर्च होत असल्याने ती आधी पिसे पूर्ण करते, मग अंड्यावर येते. कापलेली पिसे तर पुढची पीसगळ होईपर्यंत तशीच राहतात. शुश्रूषेच्या काळात प्रतिजैविके किंवा वेदनाशामके दिली असतील, तर त्यांचा अंश अंड्यात उतरतो. शेवटच्या मात्रेनंतर किती दिवस अंडी टाकून द्यायची ते औषधागणिक बदलते, म्हणून औषध घेतानाच ते पशुवैद्यकाला विचारून, तारखेसह लिहून ठेवावे आणि ती तारीख उलटेपर्यंतची अंडी घरातल्या मुलांना किंवा गिऱ्हाइकाला देऊ नयेत.